गाणी एकच, कप्पे दोन : रॉक अँड रोलने नेमके काय बदलले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका रेडिओ केंद्राकडे एका श्रोत्याने बियॉन्से या गायिकेचे नवे गाणे लावण्याची विनंती केली. आमचे केंद्र कंट्री संगीताचे (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताचे) आहे, त्यामुळे आम्ही तिची गाणी लावत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. गंमत अशी की, ते गाणे कंट्री ढंगाचेच होते. समाजमाध्यमांवर गदारोळ झाल्यावर केंद्राने ते लावले, मार्चमध्ये ‘काउबॉय कार्टर’ हा पूर्ण अल्बम प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक कृष्णवर्णीय कलावंताला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

या अल्बममध्ये मध्येच एक जागा अशी येते की, कोणीतरी जुन्या रेडिओचा काटा फिरवत आहे असे वाटते. खरखर होते आणि सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी अशा जुन्या कलावंतांचे आवाज क्षणभर ऐकू येऊन विरून जातात. हे आवाज तिथे का आहेत, हे समजायचे तर सत्तर वर्षे मागे, रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळात जावे लागते. ‘रॉक अँड रोलने जग बदलले’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेले असते की, काय बदलले आणि ते कसे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

कप्पे कोणी पाडले?

१९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या ब्लूज गाण्याची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्याची, तबकडी अमेरिकेत अनपेक्षितपणे खपली आणि कृष्णवर्णीय लोकही पैसे देऊन तबकड्या विकत घेतात, हा शोध कंपन्यांना लागला. त्यांनी या ग्राहकांसाठी वेगळ्या याद्या काढल्या आणि त्या मालाला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’ असे नाव दिले. दक्षिणेतल्या गरीब, ग्रामीण गोऱ्यांच्या संगीतासाठी दुसरा कप्पा झाला. त्याचे नाव ‘हिलबिली’, म्हणजे साधारण ‘डोंगरातले अडाणी’. शहरी, मध्यमवर्गीय गोऱ्यांच्या गाण्यांना मात्र विशेषणाची गरज भासली नाही. ती नुसती ‘लोकप्रिय’, म्हणजेच पॉप, ठरली.

एखाद्या वाण्याने एकाच पोत्यातली तूरडाळ दोन डब्यांत भरावी आणि डब्यांवर डाळीचे नाव न लिहिता ती कोणत्या आळीतल्या गिऱ्हाइकाने घ्यायची ते लिहावे, असा हा प्रकार होता. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे वादक एकमेकांचे ऐकून शिकत होते. ज्या बँजोशिवाय कंट्री संगीताची कल्पना करता येत नाही, ते वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत आले. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या खपाच्या याद्यांची नावे बदलली. ‘रेस’चे ‘रिदम अँड ब्लूज’ झाले आणि हिलबिली संगीताला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव मिळाले. पाट्या सभ्य झाल्या, पण कप्पे होते तिथेच राहिले.

त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांत शाळा, बसमधली आसने आणि पाणी पिण्याचे नळसुद्धा वर्णाप्रमाणे वेगळे होते. ज्यांना महाडचे चवदार तळे ठाऊक आहे, त्यांना पाण्यावर पाटी लावण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हे संगीत बनते कसे?

रॉक अँड रोल म्हणजे या दोन कप्प्यांतल्या मालाची सरमिसळ, आणि त्यात कृष्णवर्णीय संगीताचा वाटा मोठा. त्याचा सांगाडा ब्लूजचा आहे. चार मात्रांचा एक खंड धरला, तर असे बारा खंड मिळून एक आवर्तन होते. म्हणजे ४८ मात्रांनी आपण पुन्हा समेवर येतो. एवढ्या प्रवासात मूळ स्वरसंगती, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचे गुच्छ, फक्त तीन. शब्दांची रचनाही बहुधा तितकीच सुटसुटीत असते : पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. तीन गुच्छ शिकायला महिनाभर पुरतो. त्यामुळे ज्याला शिकवणी परवडत नव्हती, असा मुलगाही गिटार घेऊन बसू शकला. या साधेपणाला अनेक समीक्षकांनी नावे ठेवली. माझ्या मते तीच त्याच्या प्रसाराची पहिली अट होती.

दुसरी गोष्ट ठेक्याची. एक-दोन-तीन-चार असे मोजताना आपला जोर साहजिकच एकवर पडतो. इथे ड्रमचा फटका दोन आणि चारवर बसतो. वाचक हे घरी करून पाहू शकतात : पाय एक आणि तीनवर आपटावा, टाळी दोन आणि चारवर द्यावी. काही आवर्तनांनंतर शरीर आपोआप डोलू लागते, कारण पाय आणि हात यांच्यात एक ओढाताण सुरू होते.

तिसरा धागा चर्चमधल्या गॉस्पेल गायनाचा, म्हणजे कृष्णवर्णीय ख्रिस्ती भक्तिसंगीताचा. बुवा ओळ देतो आणि टाळकरी ती उचलतात, ही आपल्या भजनातली रीत तिथेही आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही मूळची भक्तिगीते गाणारी. पण चाळिसाच्या दशकातच ती विजेच्या गिटारवर असे काही वाजवत असे की, पुढच्या पिढीतल्या अनेक पुरुष वादकांचे धडे तिथून सुरू झाले. पहिला रॉक गिटारवादक कोण, या वादात तिचे नाव फार उशिरा घेतले गेले.

भिंतीला तडा नेमका तेव्हाच का गेला?

संगीत आधीपासून होते, मग स्फोट १९५०च्या दशकातच का झाला? याची कारणे बरीचशी व्यापारी आणि तांत्रिक आहेत.

साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतली शेती सोडून शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस अशा शहरांत गेली. कारखान्यातला पगार हाती आला आणि त्यांच्यासाठी गाणी काढणाऱ्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. १९४१ मध्ये मोठ्या गीतकार-संगीतकारांच्या संघटनेचे आणि रेडिओचे मानधनावरून भांडण झाले. रेडिओवाल्यांनी त्यांची गाणी कित्येक महिने बंद केली आणि स्वतःच स्थापन केलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत, आजवर कोणी दारातही उभे न केलेल्या ब्लूज आणि कंट्री रचनाकारांना सदस्य करून घेतले.

मग दूरचित्रवाणी आली. मोठ्या कंपन्यांचे नाट्य-विनोदाचे कार्यक्रम आणि जाहिराती तिकडे गेल्या. रेडिओ केंद्रांची संख्या मात्र युद्धानंतरच्या पाच वर्षांत दुपटीहून अधिक झाली होती. या केंद्रांनी पोट भरायचे कसे? एक निवेदक आणि तबकड्यांचा गठ्ठा हा सर्वांत स्वस्त उपाय होता. मेम्फिस शहरात गोऱ्या मालकांच्या एका तोट्यातल्या केंद्राने १९४८ पासून कृष्णवर्णीय निवेदक घेतले आणि वर्षभरात सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी केले. पुढे ब्लूजचा सम्राट झालेला बी. बी. किंग याच केंद्रावर निवेदक होता. मालकांचा हेतू समाजसुधारणेचा नव्हता, त्यांना जाहिराती हव्या होत्या.

यात निसर्गाचाही हात होता. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. त्यामुळे नॅशव्हिलचे शक्तिशाली केंद्र रात्री निम्म्या देशातल्या मुलांच्या खोलीत पोहोचत असे. १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी, हलकी तबकडी आली. तिच्याआधीची ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची, हातातून पडली की फुटणारी. आणि ती लाख बहुतांशी भारतातून जात असे. १९५४च्या अखेरीस खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ ४९.९५ डॉलरला विक्रीस आला. दिवाणखान्यातल्या एकुलत्या एका रेडिओवर वडील म्हणतील ते लागते. उशीखालच्या रेडिओवर कोण काय ऐकतो, हे घरात कोणालाच कळत नाही.

शाळेचे नाव

क्लीव्हलँडमधल्या एका तबकड्यांच्या दुकानदाराला दिसले की, गोरी मुले येऊन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या मागत आहेत. त्याच्या सांगण्यावरून अ‍ॅलन फ्रीड या गोऱ्या निवेदकाने १९५१ मध्ये त्या संगीताचा रात्रीचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याला ‘रॉक अँड रोल’ म्हणायला सुरुवात केली. हे शब्द त्याने शोधले नाहीत. कृष्णवर्णीयांच्या बोलीत आणि गाण्यांत ते कित्येक वर्षे होते आणि त्यांचा अर्थ नाचण्यापुरता मर्यादितही नव्हता. नव्या नावाचा फायदा एवढाच झाला की, ते ऐकून गायकाचा वर्ण कळत नव्हता.

या सगळ्या गोष्टीचे मर्म मला मेम्फिसच्या एका प्रसंगात दिसते. जुलै १९५४ मध्ये सॅम फिलिप्सच्या ‘सन’ या छोट्या स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या ट्रकचालकाने आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे जुने ब्लूज गायले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचे ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीच्या एका प्रकारातले, गाणे होते, तेही वेगळ्या ठेक्यात. ड्युई फिलिप्स या निवेदकाने (सॅमशी त्याचे नाते नव्हते) ती रेडिओवर लावली, श्रोत्यांचे फोनवर फोन आले आणि त्याने एल्व्हिसला तातडीने केंद्रावर बोलावून घेतले. मुलाखतीत त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, ‘कोणत्या शाळेत होतास?’ एल्व्हिसने ‘ह्यूम्स’ असे सांगितले. मेम्फिसमध्ये शाळा वर्णानुसार वेगळ्या असल्याने गाणारा गोरा आहे, हे ऐकणाऱ्यांना न सांगता कळले. आपल्याकडे आधी आडनाव आणि मग ‘गाव कोणते?’ असे विचारून जी माहिती काढली जाते, तिचाच हा अमेरिकी अवतार होता.

दुसऱ्या बाजूने हेच चक बेरीच्या बाबतीत घडले. सेंट लुइसच्या या कृष्णवर्णीय गायकाने १९५५ मध्ये एका जुन्या कंट्री धुनेवरून ‘मेबलीन’ हे गाणे रचले. ते ऐकून काही आयोजकांनी त्याला गोरा समजून बोलावले आणि तो दारात उभा राहिल्यावर त्यांची पंचाईत झाली, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. पाटी काढून घेतल्यावर माल ओळखता येईना, हा रॉक अँड रोलचा पहिला सांस्कृतिक परिणाम. त्याआधी मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे दक्षिणेतले राजकारणी या गाण्यांनी इतके का बिथरले, ते समजते.

पण ही सरळ चोरीच नव्हती का?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. दुसऱ्याने आधी गायलेले गाणे पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करणे याला ‘कव्हर’ म्हणतात. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार, एकदा मुद्रित झालेले गाणे कोणीही पुन्हा गाऊ शकत असे. रचनाकाराला प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट दिले की झाले. ध्वनिमुद्रणाला मात्र संघराज्याच्या कायद्याने १९७२ पर्यंत संरक्षणच नव्हते. म्हणजे शब्द आणि चाल यांना मालक होता. गायकीच्या हरकती, वाद्यमेळाची रचना, आवाजाचा पोत यांना कोणी मालक नव्हता.

याचा अर्थ काय झाला? १९५५ मध्ये फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याची पॅट बून या गोऱ्या गायकाने केलेली सौम्य आवृत्ती पॉप यादीत पहिली आली आणि मूळ गाणे त्या यादीत बरेच खाली राहिले. लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेने तर आपली गायकी जशीच्या तशी उचलली जाते म्हणून त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याला पत्र लिहून कायदा बदलण्याची मागणी केली. तिचा उपयोग झाला नाही. आर्थर क्रूडपला त्याच्या हयातीत हक्काचे पैसे नीट मिळाले नाहीत.

तरीही ‘चोरी’ हा एकच शब्द पुरत नाही. ‘हाउंड डॉग’ हे गाणे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ मध्ये गायले आणि १९५६ मध्ये एल्व्हिसने गाऊन जगभर नेले. पण ते रचले होते जेरी लायबर आणि माइक स्टोलर या दोन तरुण ज्यू मुलांनी, कृष्णवर्णीय संगीताच्या नादात बुडून. उलट एल्व्हिसची ‘डोन्ट बी क्रूएल’सारखी गाणी ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय रचनाकाराची होती आणि तिथे रचनाकार म्हणून एल्व्हिसचेही नाव लावले गेले. चक बेरीच्या ‘मेबलीन’वर तर निवेदक फ्रीडचे नाव सहरचनाकार म्हणून होते, गाणे वारंवार वाजावे म्हणून दिलेली ती लाच होती, आणि ते नाव १९८६ मध्ये निघाले. संगीताची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होत होती. पैसा मात्र एकाच बाजूला वाहत होता, आणि अन्याय होता तो तिथे.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. कव्हर ऐकून मुले मुळापर्यंत गेली. १९५६ मध्ये लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे ‘लाँग टॉल सॅली’ आणि पॅट बूनची त्याची आवृत्ती एकाच वेळी बाजारात होत्या, तेव्हा पॉप यादीत लिटल रिचर्ड वरच्या स्थानावर राहिला.

मुले बिघडली, त्याचे काय?

९ सप्टेंबर १९५६ रोजी एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्व्हिसला सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिले. पुढच्या जानेवारीत त्याच कार्यक्रमात कॅमेरा त्याच्या कमरेच्या खाली जाऊ दिला गेला नाही. ब्रिटनमध्ये रॉक अँड रोलचा चित्रपट लागला असता तरुणांनी चित्रपटगृहातल्या खुर्च्या फाडल्या. या गोष्टी घडल्या. पण युद्धोत्तर सुबत्तेत वाढलेल्या, नोकरीला जुंपले न गेलेल्या आणि खिशात स्वतःचे पैसे असलेल्या मुलांचा एक वेगळा वर्ग तयार झाला होता. कुमारवय म्हणजे बालपण आणि संसार यांच्यामधला केवळ उंबरठा राहिला नव्हता, ती आता बाजारपेठ होती. गाण्यांनी या वर्गाला आवाज दिला. वर्ग गाण्यांनी जन्माला घातला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

वडीलधाऱ्यांच्या चिंतेला भारतही अपवाद नव्हता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे निष्ठावान पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले आणि अखेर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. प्रश्न वर्णाचा नव्हता, अभिरुचीचा होता; पण हवेतून येणाऱ्या सुरांना सरहद्दीवर अडवता येत नाही, हा अनुभव तोच.

एकत्र ऐकले म्हणून समता आली का?

नाही. दक्षिणेत एकाच सभागृहात दोन्ही वर्णांचे श्रोते आले, तर मधोमध दोर बांधला जाई किंवा एकाला सज्जात बसवले जाई. नाचाच्या भरात हे दोर अनेकदा खाली आले, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी बसमधली आसने वेगळीच राहत. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून हल्ला केला, आणि कोल तर रॉक अँड रोल गातही नव्हता. १९५७ मध्ये फ्रीडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय किशोर एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेतल्या केंद्रांनी ओरड केली आणि कार्यक्रम बंद पडला. आवाज चालत होता, देह शेजारी चालत नव्हते.

भिंत पाडली ती न्यायालयांनी, बहिष्कारांनी, मोर्चांनी आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्याने. संगीताचे काम त्याहून लहान, पण वेगळे होते : ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ ही विभागणी एका पिढीला स्वतःच्या कानांनी खोटी ठरवता आली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे श्रोते वर्णानुसार वेगळे बसवले जाणार असतील, तर आम्ही गाणार नाही, असे बीटल्सनी सांगितले आणि श्रोते एकत्र बसले. लिव्हरपूलच्या या चौघांनी गाणे शिकले होते ते चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांच्या तबकड्यांवरून.

मॉस्को, लाइपझिग आणि मुंबई

सोव्हिएत संघात पाश्चात्त्य तबकड्या मिळत नसत, तेव्हा तिथल्या तरुणांनी रुग्णालयांनी टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्मवर गाणी कोरली. बरगड्यांच्या छायाचित्रावर रॉक अँड रोल वाजत असे. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५९ मध्ये ‘लिप्सी’ नावाचा सुसंस्कृत पर्यायी नाच सरकारी पातळीवर पुढे आणला. तो रुजला नाही.

मुंबईत वाट सोपी होती, कारण पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे गोमंतकीय वादक हॉटेलांतल्या जॅझ वाद्यवृंदांतून चित्रपटांच्या स्टुडिओत आधीच आले होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ‘आशा’ या १९५७च्या चित्रपटासाठी ‘ईना मीना डीका’ केले, ते या वादकांच्या बळावर. त्यातला ‘माका नाका’ हा तुकडा निरर्थक वाटतो, पण तो सरळ कोकणी आहे : ‘मला नको’. मेम्फिसमध्ये दोन वर्णांच्या संगीताचे जे झाले, ते इथे लावणी-भावगीतांवर वाढलेला संगीतकार आणि मांडो-जॅझवर वाढलेले वादक यांचे झाले; कोणाला शाळेचे नाव विचारावे लागले नाही एवढेच.

हिशेब अजून चालू आहे

१९५७ ते १९६० या तीन वर्षांत पहिली लाट ओसरली. लिटल रिचर्ड धर्माकडे वळला, एल्व्हिस लष्करात गेला, बडी हॉली हा गायक विमान अपघातात गेला, चक बेरीवर खटला झाला आणि पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणात, म्हणजे ‘पेओला’त, फ्रीडची कारकीर्द संपली.

कप्पे मात्र नव्या नावांनी परत आले, म्हणून तर ओक्लाहोमातल्या केंद्राला ते गाणे आपल्या कप्प्यातले वाटले नाही. कायद्यातली ती जुनी फटही अर्धवटच बुजली आहे. अमेरिकेतील साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणे वाजले, तर आजही मानधन रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळते, गाणाऱ्याला नाही. आज रात्री तिथल्या एखाद्या केंद्रावर ‘हाउंड डॉग’ लागले, तर लायबर आणि स्टोलर यांच्या रचनेच्या हक्कदारांच्या खात्यात काही सेंट जमा होतील. ते एल्व्हिसने गायलेले असो की बिग मामा थॉर्नटनने, गाणाऱ्याच्या नावावर काहीही जमा होणार नाही.